ताटात भात कमी, उसळ अधिक हवी

माननीय संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

कोकणात मधुमेहाचा विषय निघाला की बोलणे साखर, चहा आणि आंबा यांवरच थांबते. ताटातल्या भाताच्या राशीकडे आणि मागे पडलेल्या कडधान्यांकडे फारसे कोणी पाहत नाही, म्हणून हे पत्र. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, म्हणजे २६.४ टक्के, गोव्यात आढळले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. गोव्याच्या सीमेवरील तेरेखोल नदीच्या अलीकडे आणि पलीकडे जेवणात फार फरक नाही, त्यामुळे हा आकडा आपण सिंधुदुर्ग-रत्नागिरीकरांनीही मनावर घ्यायला हवा.

कडधान्यांतील पिष्ट सावकाश पचते आणि त्याचा काही भाग न पचताच मोठ्या आतड्यात पोहोचतो. तेथील जीवाणू तो भाग व त्यासोबतचा चोथा आंबवून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात, जी आतड्याचे अस्तर सुदृढ ठेवतात आणि शरीरातील मंद, जुनाट दाह आटोक्यात ठेवण्यास मदत करतात असे मानले जाते. हा दाह वाढला की पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. रक्तातील सीआरपी या दाहदर्शक घटकावर कडधान्यांचा परिणाम तपासणाऱ्या प्रयोगांचे निष्कर्ष अद्याप एकसारखे नाहीत, हेही सांगायला हवे. साखरेबाबत पुरावा अधिक भक्कम आहे. टोरांटो येथील डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तीन महिने रोज सुमारे एक कप शिजवलेली कडधान्ये खाणाऱ्या मधुमेहींचे एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी पातळी दाखवणारे मोजमाप) सरासरी अर्ध्या टक्क्याने उतरले; गव्हाच्या कोंड्याचे पदार्थ खाणाऱ्यांमध्ये ही घट ०.३ टक्के होती.

आपली अडचण अशी की कुळथाची पिठी भातावर घेतली म्हणजे कडधान्य पोटात गेले, असे समाधान आपण मानतो. पातळ पिठीत पीठ जेमतेम चमचा-दोन चमचे असते, खालचा भात मात्र ताटभर. शिवाय दळलेल्या पिठापेक्षा अख्खा दाणा सावकाश पचतो. तेव्हा मोड आलेल्या कुळथाची उसळ, वालाचे बिरडे, चवळी, काळ्या वाटाण्याची उसळ यांपैकी काहीतरी रोज वाटीभर असावे आणि तेवढा भात कमी व्हावा. भात तेवढाच ठेवून वर उसळ वाढवली, तर अपेक्षित लाभ होणार नाही. काळ्या वाटाण्याच्या उसळीत खोबऱ्याचे वाटण आणि तेल बेताचेच घालावे. पोट फुगण्याची तक्रार असणाऱ्यांनी थोड्यापासून सुरुवात करावी, कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि दाणा मऊ शिजू द्यावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच इन्सुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि औषधे आपल्या मनाने कमी करू नयेत.

भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ आणि वाल आपल्याकडे पिकतात, तरी पुष्कळ मळे हल्ली पडीक राहतात. कृषी विभागाने या पिकांचे बियाणे वेळेवर पुरवावे आणि आरोग्य केंद्रांत मधुमेहींना केवळ ‘भात बंद करा’ असे न सांगता त्याऐवजी काय व किती खावे, हे वाटीच्या मापाने समजावून सांगावे, अशी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)