गोळ्या १० दिवसांच्या, बीपी जन्माचं

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

साहेब, आपण आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातले, त्यामुळं गुळव्या म्हणजे कोण हे सांगायला नको. माझे चुलते, आप्पा, ३५ वर्षं गुऱ्हाळावर गूळ करणारे गुळव्या होते. काहिलीतला पाक थंड पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी वळून बघायची आणि काहील उतरवायला सांगायची. पाकाची ती गोळी त्यांची कधी चुकली नाही. चुकली ती दुसरी.

गावात तपासणी शिबिर झालं, तिशीच्या पुढच्या सगळ्यांना बोलावलं. आप्पांचं बीपी १७०/१००. १४०/९० च्या वर गेलं की उपचार लागतात, हे तिथल्या बाईंनी नीट समजावलं आणि १० दिवसांच्या गोळ्या दिल्या. संपल्या की आरोग्य केंद्रात या म्हणाल्या. केंद्र सकाळी उघडतं. सकाळी उसाच्या रसाचं आदण चुलवाणावर असतं, ते सोडून गुळव्या उठणार कसा? एकदा हजेरी बुडवून गेले, तर "गोळ्या संपल्यात, सोमवारी बघा." मग गेलेच नाहीत. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. "मला काय धाड भरलीय?" म्हणायचे. शिमग्याच्या आधी उजव्या अंगावरून वारं गेलं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे आप्पा एकटे नाहीत. मीठ कमी करा हेही खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे जेमतेम एक चमचा. आमच्याकडं तेवढं चटणी, खर्डा आणि लोणच्यातच जातं. (तांबड्या रश्श्याला सगळे शिव्या घालतात, पण तो रोज परवडतो कुणाला? चटणी-भाकरी रोजची असते.) ते आमचं आम्ही बघू. तंबाखूचं मात्र तुम्ही बघा. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायची नाही असं २००३ चा कायदा म्हणतो. तरी माझ्या पुतण्याच्या शाळेसमोर तंबाखूचा मावा घासून मिळतो.

पण माझं मुख्य मागणं गोळ्यांचं आहे. एकदा बीपी ठरलं की ३० दिवसांच्या गोळ्या एकदम द्या. यात नवीन काही नाही. २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची पद्धतच ती आहे आणि पहिल्या टप्प्यात जवळचा सातारा जिल्हा होता. आठवड्यातून एक दिवस केंद्र संध्याकाळी उघडं ठेवा. आणि जो महिनाभर फिरकला नाही, त्याच्या घरी आशाताईंना पाठवा, त्या फेरीचे पैसे त्यांना वेगळे देऊन. शिबिरात किती जण तपासले याचा फलक लागतो, त्यातले किती अजून गोळी घेतात याचाही लावा.

दसऱ्यानंतर गुऱ्हाळं पेटतील. त्याच्या आत जमलं तर बघा. आप्पांच्या जागी आता त्यांचा थोरला काहिलीवर उभा राहणार आहे. त्याचं बीपी १५०/९६ आहे.

कळावे,
आपला,
करवीर तालुक्यातला एक ऊसकरी