दादाला ‘नको’ कसं म्हणू?

प्रिय मंजू,

माझं उत्तर आलं नाही म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण आधी हे वाच. माझी पाठ बरी आहे, आईचं बीपी आटोक्यात आहे. तब्येतीचं पुराण संपलं. लिहायला बसले ते दादासाठी. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ‘आता नशाही करायला लागला का’ असं विचारतील. तू तसं विचारणार नाहीस.

दादानं त्याच्या डिप्रेशनवर सायकेडेलिक थेरपी, म्हणजे भास घडवणारी द्रव्यं देऊन केलेला उपचार, घ्यायचं मनावर घेतलंय. सायलोसायबिन, म्हणजे त्या मशरूममधलं द्रव्य. त्याला एक ‘गाइड’ भेटलाय. शहराबाहेर दोन दिवसांचं शिबिर असतं, रात्री मशरूम देतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे गोल बसून बोलतात. त्या माणसाचा निरोप आहे की येण्याआधी सगळ्या गोळ्या बंद करा. सगळ्या, मंजू. लिथियमसकट, म्हणजे मन स्थिर ठेवणाऱ्या गोळीसकट.

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पण फोनवर दादाचा आवाज तू ऐकायला हवा होतास. तो पुढच्या महिन्याबद्दल बोलत होता! वहिनीला म्हणाला, बरं वाटलं की खिडक्यांना रंग देऊ. ज्या माणसाला संध्याकाळपर्यंतचा वेळ कसा काढायचा हे कळत नव्हतं, तो खिडक्यांच्या रंगाचं बोलतोय. मी नुसतं ‘नको’ म्हटलं तर त्याला काय ऐकू येईल, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एक गोळी झाली, दुसरी झाली, तिसरीला जोड म्हणून लिथियम आलं, थेरपी झाली. त्याच्या लेखी हे शेवटचं दार आहे.

म्हणून आधी शोधायला लागले, की कायद्यात बसणारं आणि सुरक्षित असं आपल्या शहरात काय मिळू शकतं. (हो, फाईल केली आहे. हसू नकोस. तुझ्या लग्नात हरवलेली पाहुण्यांची यादी कुठल्या फाईलमधून निघाली होती ते आठव.)

सायलोसायबिन आणि नशेसाठीही घेतली जाणारी एलएसडी, एमडीएमए ही सगळी द्रव्यं संयुक्त राष्ट्रांच्या 1971 च्या करारात सगळ्यात कडक यादीत आहेत, आणि जगातल्या बहुतेक देशांचे कायदे त्या करारावर बेतलेले आहेत. अपवाद थोडे. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2023 पासून खास परवानगी मिळालेले सायकिॲट्रिस्ट, औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी सायलोसायबिन आणि पीटीएसडीसाठी (मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक आजार) एमडीएमए देऊ शकतात. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये 2020 ला मतदान झालं आणि 2023 मध्ये परवानाधारक केंद्रं सुरू झाली. पण तिथे सोबत बसणारा माणूस डॉक्टर असावाच लागतो असं नाही, त्यामुळे दादासारख्या पेशंटला ते पुरेसं आहे असं मला वाटत नाही. एमडीएमएला तर अमेरिकेच्या औषध नियामकांनी ऑगस्ट 2024 मध्ये मान्यता नाकारली.

म्हणजे बहुतेक शहरांत सरळ रस्ते दोनच उरतात. एक, रीतसर नोंदलेली क्लिनिकल ट्रायल, म्हणजे पेशंटवर होणारी औषधाची चाचणी. अशा ट्रायलची नोंद सार्वजनिक असते, आजाराचं आणि शहराचं नाव घालून कुणालाही शोधता येते. पण कुणाला घ्यायचं याचे निकष फार कडक असतात. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) किंवा बायपोलर (मन कधी टोकाचं चढणं, कधी टोकाचं पडणं) असेल तर सहसा नकारच. आमच्या थोरल्या काकांचं आठवतंय ना तुला? घरात त्यांच्या आजाराचं नाव कुणी कधी घेतलं नाही. आता ते घ्यावं लागणार, आणि आईला कोण विचारणार यावर माझी आणि वहिनीची टोलवाटोलवी चालू आहे.

दुसरा रस्ता केटामाइन. ते मुळात भुलेचं औषध, 1970 पासून वापरात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी डॉक्टर ते कायद्यानं देऊ शकतात. त्याचाच भाऊ एस्केटामाइन, नाकात मारायचा स्प्रे, अमेरिकेत 2019 मध्ये अवघड डिप्रेशनसाठी मंजूर झाला. दवाखान्यातच घ्यायचा, पुढे किमान दोन तास देखरेखीखाली थांबायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही. काहींना काही तासांतच हलकं वाटतं, पण एका डोसचा परिणाम काही दिवसांत ओसरतो. रक्तदाब चढतो. वारंवार घेतलं तर मूत्राशयाला इजा होऊ शकते, सवयही लागू शकते. घरपोच केटामाइन देणारे निघालेत, त्यांच्यापासून मी दादाला लांबच ठेवणार. 2023 मध्ये अमेरिकेच्या नियामकांनीही देखरेखीशिवाय घरी घेण्याबद्दल इशारा दिला आहे.

आता तुझ्या-माझ्या भांडणाकडे येते. होस्टेलवर तू गोळ्या एकदम सोडल्या होत्यास. डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय म्हणायचीस, भिंतीला धरून चालायचीस, आणि मी डॉक्टरांना फोन लावला तर मला ‘गोळ्यांची एजंट’ म्हणून दार लावून घेतलंस. त्या शब्दाचा राग मला अजून आहे, सांगून ठेवते. पण दादाचं प्रकरण त्याहून अवघड आहे. लिथियम चालू असताना सायलोसायबिन घेतलं तर फिट येऊ शकते, तशा नोंदी आहेत. आणि लिथियम एकदम सोडलं तर आजार उसळून येऊ शकतो, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचारही बळावू शकतात. इकडे आड तिकडे विहीर. यातून वाट काढणं हे सायकिॲट्रिस्टचं काम आहे. शिबिरवाल्यानं ते निरोपात एका ओळीत उरकलं.

दादा म्हणतो, सगळे बरे होतात. मग मी अभ्यास काढला. 2022 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या सायलोसायबिनच्या ट्रायलमध्ये 233 जण होते. 25 मिलिग्रॅमच्या एका डोसनंतर तीन आठवड्यांनी 29 टक्के लोकांचा आजार जवळपास निवळला होता, अगदी छोटा डोस मिळालेल्यांत 8 टक्क्यांचा. फरक खरा आहे, मी तो नाकारत नाही. उलट मला त्यातून आशाच वाटते. पण दहातले सात जण तिथेही राहिलेच, बारा आठवड्यांपर्यंत फायदा ओसरत गेला, आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचार आले. तेही कुठे? आधी तपासण्या, डिप्रेशनच्या गोळ्या देखरेखीखाली हळूहळू उतरवलेल्या, डोसच्या दिवशी सहा-आठ तास शेजारी प्रशिक्षित थेरपिस्ट, नंतर पुन्हा बसून बोलणं. हे सगळं काढून टाकलं तर उरतं नुसतं मशरूम, आणि तेही नेमकं कोणतं हे सांगणारा कुणी नाही.

आणि सगळ्यात जास्त भीती मला ज्याची वाटते ते वेगळंच आहे. त्या अवस्थेत माणूस इतका उघडा, इतका भोळा होतो की समोरच्याचं काहीही ऐकतो. रीतसर ट्रायलमध्येसुद्धा थेरपिस्टनं पेशंटच्या त्या अवस्थेचा गैरफायदा घेतल्याचं प्रकरण झालं आहे. मग जिथे तक्रार करायला जागाच नाही, तिथे काय? दादाला मी एवढंच विचारणार आहे: मध्यरात्री छातीत धडधडलं तर तिथे कोण आहे? आणि पंधरा दिवसांनी पुन्हा अंधारून आलं तर तो गाइड फोन उचलेल?

बुधवारी त्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. हे शिबिराचं सगळं त्यांना सांगायचं, लपवायचं नाही, या अटीवर तो तयार झाला. केटामाइन त्याला चालेल का, एखाद्या ट्रायलमध्ये बसेल का, हे विचारणार आहे. ईसीटीचंही विचारणार, म्हणजे भूल देऊन मेंदूला विजेचा झटका देण्याचा उपचार. नाव ऐकून लोक दचकतात, पण अशा आजारावर इतका भक्कम पुरावा दुसऱ्या कशाचा क्वचितच आहे.

तोवर तू त्याला फोन कर. उपदेश मी पुरेसा केलाय. गोळ्या सोडल्यावर तुझं काय झालं होतं ते तुझ्या तोंडून ऐकू दे, मला ‘एजंट’ म्हणाली होतीस तेही सांग. तो तुझ्यावर नेहमीच माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवत आलाय. मंगळवारच्या आत कर, आणि रात्री नऊनंतर नको, तो झोपलेला असतो.

तुझी बदली रद्द झाली का? सासूबाईंचं ऑपरेशन कसं झालं? आणि ओंकारनं खरंच सायन्स सोडलं? तुझ्यावरच गेलाय, शाब्बास म्हणावं त्याला. नंदिनी भेटली होती, तिचं पुढच्या पत्रात.

तुझीच,
विनी