ही संमती कुणाची, साहेब?

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : बारा तासांच्या पाळीसाठी घेतली जाणारी ‘लेखी संमती’

महोदय,

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर न्यायला मंजुरी दिली. तिमाहीचा ओव्हरटाइम 115 तासांवरून 144 तासांवर. सोबत आम्हाला धीर दिला गेला की कामगाराची लेखी संमती बंधनकारक राहील. गेल्या आठवड्यात ती संमती आमच्या गेटवर आली. पाळी सुटताना ठेकेदाराच्या माणसाने सगळ्यांचे गेट पास काढून घेतले, छापील कागदांचा गठ्ठा पुढे केला आणि म्हणाला, “सही करा, पास घ्या.” कागद इंग्रजीत. माझ्यापुढे उभ्या असलेल्या झारखंडच्या पोराने तो कशाचा आहे हेसुद्धा विचारलं नाही. मी सही केली नाही. आता मला ‘ब्रेक’ आहे, म्हणजे काम बंद.

मी चाकण परिसरातल्या एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटी ऑपरेटर. इतिहासात एम.ए. केलं, प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा दिली, प्राध्यापकांच्या जागा काही निघाल्या नाहीत, म्हणून पॉवर प्रेससमोर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रासमोर, उभा राहिलो. एम.ए.ला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर होता. त्यामुळे हा कागद मला नवा नाही.

1867 साली इलिनॉय राज्याने आठ तासांच्या दिवसाचा कायदा केला. 1 मे रोजी तो लागू झाला आणि शिकागोच्या कामगारांनी आनंदाने मिरवणूक काढली. पण कायद्यात एक पळवाट ठेवलेली होती : वेगळा करार नसेल, तरच आठ तास. मालकांनी लगेच करार पुढे केले. दहा तासांवर सही कर, नाहीतर घरी जा. संप झाला, तो मोडला, आणि कायदा पुस्तकात पडून राहिला. एकोणीस वर्षांनी, 1886च्या मे महिन्यात, त्याच शहरात तीच मागणी घेऊन माणसं पुन्हा रस्त्यावर आली. 4 मेच्या रात्री हेमार्केट चौकात बॉम्ब पडला. तो कुणी टाकला हे आजवर सिद्ध झालेलं नाही, पण आठ जण दोषी ठरले आणि चौघांना 11 नोव्हेंबर 1887 रोजी फाशी झाली. ज्या 1 मेला आपण दरवर्षी कामगारांना शुभेच्छा देता, तो दिवस तिथून आला आहे. त्या कायद्यातली पळवाट मात्र आपण आज आपल्याकडे सुरक्षा म्हणून आणली आहे.

साहेब, माझ्या डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. रात्रपाळीचा दहावा तास होता. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद करून ठेवलेला, कारण तो चालू असला की उत्पादन अडतं. डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, हात राहिला. दवाखान्यात मॅनेजर आले, हलकं काम देऊ, कायम करू म्हणाले. अहवालात लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. शर्टाची बटणं आता बायको लावते. नसलेली बोटं रात्री ठणकतात, हे डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, होतं असं. गावाकडे आईला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. आणि ज्या तासाला माझी बोटं गेली, त्याच्यापुढचे दोन तास आता कायदेशीर होणार आहेत.

अमेरिकेतल्या रेल्वेतही असंच होतं. डबे जोडताना ब्रेकमनला, म्हणजे ब्रेक आणि जोडणी सांभाळणाऱ्या कामगाराला, दोन डब्यांच्या मध्ये शिरून हाताने खीळ बसवावी लागे. बोटं तुटलेला माणूस दिसला की तो अनुभवी ब्रेकमन, असं ओळखलं जाई. 1880च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला सुमारे दोन हजार रेल्वे कामगार मरत होते, वीस हजार जखमी होत होते. आपोआप जुळणारी जोडणी तेव्हा तयार होती, फक्त तिला पैसे लागत होते. 1893 साली कायद्याने सक्ती केली तेव्हा कुठे ती बसवायला सुरुवात झाली. आणि नुकसानभरपाई? 1842 साली मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने हात गमावलेल्या एका इंजिन ड्रायव्हरला सांगून टाकलं होतं की नोकरी घेतलीस तेव्हाच धोका पत्करलास, पगारात तो धरलेला आहे. तीही संमतीच! पुढची कित्येक दशकं त्या एका निकालावर मालक सुटत राहिले. 1905 मध्ये बेकरी कामगारांना दहा तासांची मर्यादा घालणारा न्यूयॉर्कचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. कारण काय, तर कामगाराचं करार करण्याचं स्वातंत्र्य. तिथल्या पोलाद कारखान्यांत, 1892 साली होमस्टेड गावच्या कारखान्यातली युनियन मोडल्यावर, बारा तासांची पाळी 1923 पर्यंत टिकली. इतकी वर्षं ते लोक राजीखुशीने राबत होते, असं समजायचं का?

कायदा कुणासाठी जागा होतो तेही बघा. अमेरिकेतला 1890 चा मक्तेदारीविरोधी कायदा मोठ्या ट्रस्टना, म्हणजे बाजार ताब्यात घेणाऱ्या कंपन्यांच्या गटांना, आवरायला केला. 1894 साली रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीतून सुरू झालेल्या संपात तोच रेल्वे कामगारांच्या युनियनवर चालवला गेला, आणि पुढच्याच वर्षी देशातलं सुमारे 98 टक्के साखर शुद्धीकरण हातात असलेला ट्रस्ट न्यायालयातून सहीसलामत बाहेर पडला. संपावर सैन्य पाठवा म्हणणारे ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, स्वतः रेल्वे कंपन्यांचे वकील राहिलेले होते. आपल्याकडे ठेकेदार कुणाचे मेहुणे असतात, मनुष्यबळाची कंत्राटं कुणाच्या सांगण्यावरून मिळतात, हे चहाच्या टपरीवरचा पोरगासुद्धा सांगेल. तपासणी येणार हे आम्हाला आदल्या दिवशी कळतं, कारण त्या दिवशी हातमोजे वाटतात. पक्ष कुठलाही निवडून येवो, हातमोजे दुसऱ्या दिवशी परत घेतले जातात. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन रविवारची सुटी मागत होते आणि 1890 मध्ये ती मिळाली, इंग्रजाच्या राज्यात! आमच्या लाइनला दिवाळीच्या हंगामात रविवार नसतो.

राज्यकर्त्याला काही करता येत नाही, असं मला सांगू नका. 1893 साली इलिनॉयचे गव्हर्नर जॉन ऑल्टगेल्ड यांनी हेमार्केट खटल्यातल्या उरलेल्या तीन कैद्यांना माफी दिली आणि खटला अन्यायाचा होता हे लिहून दिलं. त्याच वर्षी त्यांनी फ्लॉरेन्स केली यांना कारखान्यांच्या मुख्य निरीक्षक नेमलं. हाताखाली अकरा माणसं, त्यांत स्त्रियाही. सरकारी वकील खटले चालवायला तयार होईना, तेव्हा केलीबाई स्वतः कायदा शिकल्या. ऑल्टगेल्ड 1896 ची निवडणूक हरले, हे खरं आहे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. संमती ठेकेदाराने घ्यायची नाही; ती निरीक्षकासमोर, कामगाराला वाचता येईल त्या भाषेत घेतली जावी आणि केव्हाही मागे घेता यावी. नकार दिल्यावर काही महिन्यांत ‘ब्रेक’ दिला, तर सूड नव्हता हे कंपनीने सिद्ध करावं. दहाव्या तासानंतर पॉवर प्रेसवर कुणालाही उभं करू नये, त्याची संमती असली तरी. आणि आमच्या भागाच्या निरीक्षकाचं नाव व फोन प्रत्येक गेटबाहेर मराठीत आणि हिंदीत लावा. तो बोर्ड लावायला मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही, आपलं एक परिपत्रक पुरे.

आपला,
एक कंत्राटी कामगार, चाकण