शेपट्या कापू नकोस

चि. ओवी,
अनेक आशीर्वाद.

सेमिनारसाठी काढलेलं एच१ हिस्टोनचं, म्हणजे डीएनए बांधून ठेवणाऱ्या त्या प्रथिनाचं, चित्र पाहिलं. मधला गोळाबंद भाग छान आलाय, पण दोन्ही टोकांच्या शेपट्या तू चक्क उडवून टाकल्यास. ‘प्रथिनांचा आकार वर्तवणाऱ्या आल्फाफोल्ड प्रोग्रॅमनं तिथे नारिंगी भेंडोळं काढलंय, त्यावर भरवसा नाही’ हे तुझं कारण. भरवसा नाही हे खरं. पण त्या भागाला ठरलेला एक आकार नाही, एवढंच तो रंग बहुधा सांगतोय. त्याला काम नाही, असं कुठे म्हणतोय? फोनवर बोलले असते तर ‘हो आई’ म्हणून विषय संपवला असतास, म्हणून लिहितेय.

१९९७ साली न्यूक्लिओसोमची, म्हणजे हिस्टोनांवर गुंडाळलेल्या डीएनएच्या रिळाची, २.८ अँगस्ट्रॉम बारकाव्याची स्फटिकरचना आली, तेव्हाही असंच झालं. आठ हिस्टोनांभोवतीचा डीएनए स्पष्ट दिसला. शेपट्यांचा बराचसा भाग दिसलाच नाही. जे सतत हलतं ते क्ष-किरणांत धूसर होतं. मग पुस्तकांतल्या चित्रांतही त्या कोपऱ्यात गेल्या.

आता गाय आणि वाटाणा यांचा एच४, म्हणजे त्या आठांतलाच एक हिस्टोन, शेजारी शेजारी ठेव. १०२ अमिनो आम्लांपैकी फरक फक्त दोन ठिकाणी, आणि तोही घडी पडलेल्या भागात. शेपटीत एकही नाही! बिनकामाच्या गोष्टीला उत्क्रांती एवढं जपत नाही.

त्याच आठांतल्या एच३ ची शेपटी तर कागदावर लिहूनच काढ. ॲलानिन-आर्जिनिन-लायसिन-सेरिन हा तुकडा तिच्यात दोनदा सापडेल. पहिल्यातलं लायसिन नवव्या जागी, दुसऱ्यातलं सत्ताविसाव्या. नवव्यावर मिथाइल गट, म्हणजे छोट्या रासायनिक खुणा, चढले की एचपी१ नावाचं प्रथिन येऊन बसतं, सत्ताविसाव्यावर चढले की पॉलिकोम्ब गटातली प्रथिनं. एचपी१ च्या खोबणीत शिरली की हीच सैल शेपटी ताठ होऊन बीटा-पट्टी बनते. आधीच घट्ट घडी असती, तर या खुणा करणारी एन्झाइमं तिथवर पोचली असती का?

पण ‘बांधलं गेलं की आकार येतो’ एवढंच सेमिनारमध्ये सांगून सुटू नकोस. एच१ तुला तिथेच अडवेल. २०१८ साली त्याची प्रोथायमोसिन-आल्फा या दुसऱ्या सैल प्रथिनाबरोबरची जोडी प्रसिद्ध झाली. एच१ वर निव्वळ प्रभार +५३, दुसऱ्यावर −४४. दोघं एकमेकांना विलक्षण घट्ट धरतात, तरी प्रोथायमोसिन सबंध आणि एच१ च्या शेपट्या हलत्या त्या हलत्याच. मला तरी या विषयातली सगळ्यात चक्रावणारी गोष्ट हीच वाटते. त्याआधी कुणी एच१ च्या शेवटच्या शेपटीतला अमिनो आम्लांचा क्रम उलटापालटा करून पाहिला होता. क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि हिस्टोनांची गुंफण, आवळायचं काम तरीही झालं. तिथे कोण कुठे बसलंय यापेक्षा एकूण मिश्रण काय, लायसिन किती, याला महत्त्व. एच३ मध्ये मात्र एकेका लायसिनची जागा मोलाची. दोघी सैलच, पण कामाची रीत अगदी वेगळी. हा फरक मांडलास तर ऐकणारे सरसावून बसतील.

तेव्हा शेपट्या परत जोड. एकच दोरा काढू नकोस, आठ-दहा वळणं एकमेकांवर पुसट रंगात दाखव. आणि डीएनएला चिकटणाऱ्या एमईसीपी२ या प्रथिनाबद्दल वाचून जा. त्याचाही निम्म्याहून जास्त भाग असाच सैल आहे, आणि त्याच्या जनुकातल्या बिघाडानं रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा आजार होतो. रोगाशी संबंध काय, हे कुणीतरी विचारणारच.

नवं चित्र झालं की पाठव.

तुझी,
आई