फसलेल्या प्रयोगाचा खर्च कोणत्या खात्यात लिहायचा?

संपादक महोदय,

देशातील कारखानदारीची वाढ का अडली, यावरचा आपला अग्रलेख वाचला. निर्यात, परकीय गुंतवणूक, आयात शुल्क हे सगळे त्यात आले. ओतकामाच्या शेडमध्ये काय अडते ते आले नाही, म्हणून हे पत्र.

मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला बिडाची लहान फाउंड्री चालवते. अर्ध्या टनाची इंडक्शन भट्टी, अठ्ठावीस माणसे, आणि बहुतेक काम पंपांच्या व ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे. वडिलांच्या हाताखाली वाळू चाळण्यापासून सुरुवात केली, पुढे धातुशास्त्राची पदविका घेतली. या धंद्यात मला २६ वर्षे झाली.

२०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणात सरकारने ठरवले होते की २०२२ पर्यंत कारखानदारीचा वाटा सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २५ टक्क्यांवर न्यायचा. २०१४ मध्ये ‘मेक इन इंडिया’ आले. सरकारे बदलली, उद्दिष्ट तेच राहिले, आणि वाटाही जवळजवळ तिथेच राहिला. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे तो १३ ते १७ टक्के भरतो. मला त्याहून जास्त टोचतो तो दुसरा आकडा. सरकारच्याच श्रमशक्ती पाहणीनुसार २०१८-१९ मध्ये शेकडा साडेबेचाळीस कामकरी शेतीत होते. २०२३-२४ मध्ये ते शेचाळीस झाले. म्हणजे माणसे शेतातून कारखान्यात यायची ती या काळात उलटी शेताकडे गेली. करोनाच्या टाळेबंदीत गेलेले आमचे दोन मोल्डर, म्हणजे साचे भरणारे कारागीर, परत आलेच नाहीत. दोघेही आपल्या गावी दीड-दोन एकरांवर राबतात.

आता माझ्या शेडमधली गोष्ट सांगते. तीन वर्षांपूर्वी मी आणि आमच्या पॅटर्न (साच्याचे नमुने) करणाऱ्या मिस्त्रींनी ठरवले, की ट्रॅक्टरच्या पलटी नांगराचा फाळ पोलादाऐवजी एडीआयमध्ये ओतून पाहायचा. एडीआय म्हणजे खास उष्णप्रक्रिया केलेले एसजी बीड, ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असते. ओतलेली वस्तू साधारण ९०० अंशांपर्यंत तापवायची आणि तिथून थेट ३०० ते ३७५ अंशांच्या वितळलेल्या क्षारांच्या हौदात बुडवून तास-दीड तास ठेवायची. नीट जमले तर वस्तू झिजेला चिवट होते आणि तेवढ्याच आकाराच्या पोलादापेक्षा सुमारे दहा टक्के हलकी भरते. जगात हे तंत्र कित्येक दशके वापरात आहे. पण आमच्या काळ्या जमिनीत, उसाच्या खोडव्यात चालेल असा फाळ, आमच्या भट्टीतून, शेतकऱ्याला परवडेल अशा किमतीत काढणे हे आमच्यासाठी नवेच होते.

चौदा महिन्यांत अकरा हीट, म्हणजे भट्टीतून वितळवून ओतलेले अकरा घाणे, काढल्या. पहिल्या तीन भंगारात गेल्या. मॅग्नेशियमची प्रक्रिया झाल्यावर आठ-दहा मिनिटांत धातू साच्यात पडला पाहिजे, नाहीतर ग्रॅफाइटचे गोळे नीट होत नाहीत. आमची लॅडल, म्हणजे वितळलेला धातू नेण्याचे भांडे, शेवटच्या साच्यापर्यंत पोचायला चौदा मिनिटे लागत होती. मिस्त्री म्हणाले, “ताई, खोट वाळूत नाही, चालण्यात आहे.” मग साच्यांची मांडणीच बदलली. पुढच्या हीटमध्ये मँगेनीज जास्त निघाले, कारण भंगारात नव्या गाड्यांचा पत्रा आला होता. मग भंगार हाताने निवडून घ्यायला लागलो. सातव्या हीटपासून ओतकाम मनासारखे उतरू लागले.

अडले ते त्यापुढे. क्षारांचा हौद माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे टनांनी माल असतो. माझ्या चाळीस नगांसाठी ते आपले काम थांबवणार नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. प्रत्येक खेपेला पाच-सहा आठवडे वाट पाहायची. नग परत येईपर्यंत आम्ही त्या हीटमध्ये नेमके काय केले होते ते वहीत शोधावे लागायचे. तपासणीचे पैसे वेगळे, वाहतूक वेगळी. सगळे मिळून नऊ लाखांच्या वर गेले. बँकेत गेले, तर विचारले, “ऑर्डर आहे का?” ऑर्डर असती तर त्याला मी प्रयोग म्हटले नसते.

हिशेबनीस हा खर्च ‘रिजेक्शन’ म्हणजे नापास मालाच्या खात्यात लिहितो, कारण आमच्या वहीत दुसरे खातेच नाही. वर्षअखेरीला बँकेचे अधिकारी विचारतात, यंदा रिजेक्शन इतके का वाढले? आमची शिस्त ढासळली असे त्यांना वाटते. देशाच्या संशोधनावरच्या खर्चात हे नऊ लाख कुठेही दिसत नाहीत. तो खर्च २०२०-२१ मध्ये देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास खर्च करतो आणि त्यातला मोठा हिस्सा तिथले उद्योग उचलतात. आपले उद्योजक संशोधन करत नाहीत, अशी टीका नेहमी होते. मोठ्या कंपन्यांबद्दल ती मला पटते. लहानांना मात्र आधी प्रयोग करता येईल अशी सोय द्या आणि मग विचारा.

योजना आहेत. २०२० पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली, चौदा क्षेत्रांसाठी सुमारे १.९७ लाख कोटींची. मोबाईल फोनच्या बाबतीत तिचा उपयोग झाला हे मी मान्य करते. पण ती वाढीव विक्रीवर पैसे देते. विक्रीच्या आधीची चौदा महिन्यांची धडपड तिला दिसत नाही. २०२५ मध्ये खासगी संशोधनासाठी एक लाख कोटींचा निधी मंजूर झाला, दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जाचा. हे पाऊल योग्यच आहे. मात्र आठ-दहा लाखांच्या गरजेसाठी त्याच्या दारात उभे राहता येईल असा रस्ता आमच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना मला दिसत नाही. संशोधनावरची जादा करवजावट पूर्वी दुप्पट होती, २०१७ मध्ये दीडपट झाली आणि २०२० पासून संपली. तिच्यासाठीसुद्धा मान्यताप्राप्त संशोधन विभाग लागायचा. आमचा संशोधन विभाग म्हणजे भट्टीशेजारचे एक टेबल आणि मिस्त्रींची वही.

आमच्याच भागातला दाखला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेत नव्हते. लोखंडाने जमीन नासेल अशी भीती होती. १९१० मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचे माळरान दिले, वर कर्जही दिले, आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असे आमच्याकडे जुनी माणसे सांगतात. नांगर खपेल की नाही हे ठरलेले नसताना संस्थानाने त्याची जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली. मी ओततेय तोही नांगराचाच फाळ आहे, म्हणून हे सारखे आठवते.

जर्मनीत १९४९ पासून फ्राउनहोफर ही संशोधन संस्था उद्योगांसाठी प्रयोग करून देण्याचे काम करते. तिच्या सत्तरहून अधिक शाखा-संस्था आहेत. पायाभूत खर्चाचा काही भाग सरकार देते आणि उरलेले पैसे संस्था उद्योगांची व सरकारी कामे घेऊन मिळवते. त्यामुळे मधल्या आकाराच्या कारखान्यालाही आपला प्रश्न घेऊन तिथे जाता येते. आपल्याकडे प्रयोगशाळा चांगल्या आहेत. पण चाळीस नगांसाठी हौद तापवून देणारी जागा हवी आहे, आणि ती पुण्या-मुंबईला नको, फाउंड्र्या आहेत तिथे हवी.

माझे मागणे एवढेच आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी पट्ट्यात चाचणी हीट, उष्णप्रक्रिया आणि तपासणी एका छपराखाली करून देणारे केंद्र काढा. प्रयोगाचा निम्मा खर्च सरकारने उचलावा, फसला तरी. अट एवढीच ठेवावी, की का फसला ते लिहून द्यायचे म्हणजे शेजारचा तीच चूक करणार नाही. आणि आमची येणी वेळेवर मिळवून द्या. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे, उशीर झाल्यास चक्रवाढ व्याजही आहे. एका मोठ्या खरेदीदाराकडे माझी बिले चार-चार महिने पडून असतात. व्याज मागितले तर पुढच्या महिन्याचे शेड्यूल, म्हणजे मालाची मागणी, येणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. बिल जीएसटीच्या जाळ्यात आधीच नोंदलेले असते. तिथूनच मुदत मोजून आपोआप कारवाई होऊ शकते. आम्हाला तक्रारदार व्हायला लावू नका. तो पैसा वेळेत आला असता तर बाराव्या हीटसाठी मला बँकेत जावे लागले नसते.

अकराव्या हीटचे सहा फाळ करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या नांगराला लावले आहेत. पोलादी फाळाच्या शेजारीच लावलेत, म्हणजे दोन्ही एकाच मातीत झिजतील. खोडवा निघाला की काढून वजन करणार आहोत.

आपली,
एक फाउंड्रीचालक वाचक,
गोकुळ शिरगाव, जि. कोल्हापूर