खेळायला पाठवण्याआधी विचारायचा प्रश्न

ट्रॉय, मिशिगन

ती. दादा आणि सौ. वहिनी यांना सा. न. वि. वि.

वहिनी, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "शाळेत गोळीबार होतात म्हणे, मग मुलांना आणायचं की नाही?" दोन मिनिटांत उरकावं असं ते उत्तर नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मुलांना जरूर आणा. पण शाळेची जेवढी धास्ती घेतली आहे, त्यातली बरीचशी घरांकडे वळवा. शेजाऱ्यांचं घर, वर्गमित्राचं घर, त्याच्या आजोबांचं घर.

2020 पासून अमेरिकेत 1 ते 19 वयाच्या मुलांच्या मृत्यूंत बंदूक हे पहिल्या क्रमांकाचं कारण झालं. त्याआधी कित्येक दशकं ती जागा वाहन अपघातांची होती. यात खून सर्वांत जास्त, त्यानंतर आत्महत्या, मग अपघात. शाळेतल्या गोळीबारांचा वाटा यात फार लहान आहे, आणि तिथेही बंदूक बहुतेक वेळा घरातूनच आलेली असते. सीक्रेट सर्व्हिस या केंद्रीय सुरक्षा यंत्रणेने 2019 मध्ये शाळांतल्या हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या हल्ल्यांत बंदूक वापरली गेली, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश हल्लेखोर मुलांनी ती आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातून मिळवली होती. 2021 च्या एका पाहणीचा अंदाज असा की सुमारे 46 लाख मुलं अशा घरांत राहतात, जिथे निदान एक बंदूक भरलेली आणि कुलुपाबाहेर आहे.

ऑक्सफर्ड हे गाव आमच्याच ओकलंड काउंटीत, इथून उत्तरेला. तिथल्या हायस्कुलात 30 नोव्हेंबर 2021 रोजी 15 वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार केलं. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी विकत आणलं होतं. दुकानातून त्यासोबत केबलचं कुलूप मिळालं होतं, आणि ते घरात पाकिटातच पडून राहिलं. ते लावायला किती वेळ लागतो, हे सरकारी वकिलांनी न्यायालयात प्रत्यक्ष करून दाखवलं. काही सेकंद लागतात. मुलाला जन्मठेप झाली आणि 2024 मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक हत्येसाठी आई-वडिलांना असा दोषी धरण्याचा हा देशातला पहिलाच खटला.

मिशिगनचा कायदाही त्यानंतर बदलला. 13 फेब्रुवारी 2024 पासून, ज्या घरात 18 वर्षांखालचं मूल राहतं किंवा येण्याची शक्यता आहे, तिथे सोबत न बाळगलेली बंदूक एकतर कुलूपबंद पेटीत हवी, नाहीतर रिकामी करून तिलाच कुलूप लावलेलं हवं. पाहुणा बंदूक घेऊन आला तर त्यालाही हाच नियम. मुलाने ती मिळवून चारचौघांत काढली तर मालकाला 93 दिवसांपर्यंत कैद, तिच्यामुळे कोणी जखमी झालं तर पाच वर्षांपर्यंत, मृत्यू झाला तर पंधरा वर्षांपर्यंत. असा पहिला कायदा फ्लोरिडाने 1989 मध्ये केला होता. आज निम्म्याहून अधिक राज्यांत काही ना काही तरतूद आहे, पण देशभरासाठी एक नियम नाही. 2005 च्या केंद्रीय कायद्याने परवानाधारक दुकानदाराला हँडगनसोबत कुलूप द्यावं लागतं. ते वापरलंच पाहिजे, असं तो कायदा म्हणत नाही.

दादा, तू विचारलंस की एवढं होऊनही इथल्या लोकांचं एकमत का होत नाही. अशा कायद्यांच्या विरोधकांचं म्हणणं नीट ऐकून घेण्यासारखं आहे. रात्री दोन वाजता कोणी दार फोडलं तर कुलपातली बंदूक काय कामाची, असा त्यांचा प्रश्न. 2008 च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजधानी वॉशिंग्टनमधली हँडगनबंदी रद्द केली, आणि घरातली बंदूक कायम सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवण्याची सक्तीही रद्द केली. म्हणून आताचे बहुतेक कायदे मूल हाताशी असेल तेव्हापुरतेच बोलतात आणि मालकाच्या अंगावरच्या बंदुकीला हात लावत नाहीत. दुसरा आक्षेप असा की कायदा घरात शिरून पाहू शकत नाही, अपघात झाल्यावरच जागा होतो. हे खरं आहे. तरी माझं मत कायद्याच्या बाजूने आहे. रँड या संस्थेने बंदूकविषयक कायद्यांवरचे अभ्यास तपासले, त्यात मुलांपासून बंदूक दूर ठेवण्याच्या कायद्यांनी तरुण वयातल्या आत्महत्या आणि अपघात कमी होतात याला सर्वांत भक्कम आधार सापडला. बाकी बहुतेक प्रकारच्या कायद्यांबद्दल इतकं ठाम बोलता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. "आमची बंदूक रिकामी आहे" हे वाक्य ऐकून निर्धास्त होऊ नका. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळ्या दोन ठिकाणी असतात. एक, मुठीत सरकवलेलं मॅगझिन. दुसरं, नळीच्या मागच्या टोकाचं चेंबर. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं माणसाला वाटतं, पण चेंबरमधली एक गोळी तशीच राहते आणि बऱ्याच पिस्तुलांत मॅगझिन नसतानाही ती सुटते. योग्य क्रम असा की नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापापासून दूर ठेवून आधी मॅगझिन काढायचं, मग वरची स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबरमधली गोळी बाहेर पाडायची, आणि शेवटी चेंबर डोळ्यांनी पाहून, बोट घालून चाचपायचं. क्रम उलटा झाला तर पुढे येणारी स्लाइड मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये भरते, आणि माणूस समजतो आपण रिकामी केली. हे तुम्हाला करायचं नाही, पण समोरचा काय सांगतो आहे ते कळायला हवं.

लहान मुलाला चाप ओढता येणार नाही, असंही कोणी म्हणेल. पाच-सहा वर्षांच्या बहुतेक मुलांच्या बोटांत हँडगनचा चाप ओढण्याइतकी ताकद असते. त्याहून लहान मूल मूठ उलटी धरतं आणि दोन्ही अंगठ्यांनी चाप ढकलतं. तेव्हा नळी त्याच्याच तोंडाकडे असते. आपला धाकटा नेमका या वयाचा.

कुलपांचे तीन प्रकार दिसतील. केबल म्हणजे हातभर पोलादी तार. पिस्तुलाच्या वरच्या खिडकीतून ती आत घालून मुठीतून खाली काढतात आणि टोकांना कुलूप लावतात; मग मॅगझिन बसत नाही आणि स्लाइड मिटत नाही. अनेक ठिकाणी पोलीस ती फुकट देतात. चोराकडे कटर असेल तर ती टिकत नाही, मुलासाठी मात्र पुरते. चापाचं कुलूप चापाभोवती दोन्ही बाजूंनी आवळतात. भरलेल्या बंदुकीवर ते कधीच लावायचं नाही, लावता लावता चापच दाबला जाऊ शकतो. तिसरी पेटी. आकड्यांची बटणं असलेली छोटी पेटी काही सेकंदांत उघडते, म्हणून रात्री दोनच्या प्रश्नाला माझ्या मते हेच उत्तर आहे.

पेटीतही चुका होतात. कारखान्यातून आलेला 0-0-0 आकडा कोणी बदलत नाही, किंवा मुलाचीच जन्मतारीख ठेवतात. किल्ली ड्रॉवरमध्ये असते आणि ड्रॉवर मुलांना पाठ असतो. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या पेट्यांवर तर मी डोळे झाकून विश्वास ठेवणार नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये अशा सुमारे 61 हजार पेट्या बाजारातून परत मागवल्या गेल्या. मालकाला वाटायचं आपला ठसा नोंदला गेला, आणि पेटी कोणाच्याही बोटाने उघडायची. 12 वर्षांच्या एका मुलाचा जीव गेल्याचा दावा त्यावरून न्यायालयात गेला. पेट्या परत मागवल्या त्या ग्राहक उत्पादनांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय आयोगाने. हा आयोग पाळण्यापासून खेळण्यांपर्यंत सगळं तपासतो, पण बंदूक कायद्यानेच त्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. पेटी सदोष म्हणून परत मागवता येते, आतली बंदूक येत नाही. हे वाचून मला अजूनही संताप येतो.

"आमच्या मुलांना माहीतच नाही ती कुठे आहे," असं पालक फार खात्रीने सांगतात. अलाबामात पालक आणि मुलांना वेगवेगळं विचारलं तेव्हा, असं सांगणाऱ्या पालकांपैकी 39 टक्के पालकांच्या मुलांनी जागा माहीत असल्याचं सांगितलं. "हात लावायचा नाही असं शिकवलंय," हेही पुरेसं नाही. 2001 च्या एका प्रयोगात 8 ते 12 वर्षांच्या मुलांना खोलीत लपवलेलं, निकामी केलेलं खरं पिस्तूल सापडलं. ज्यांनी ते हाताळलं किंवा चाप ओढला, त्यांतल्या 90 टक्क्यांहून अधिक मुलांना आधी बंदुकीच्या सुरक्षेचे धडे मिळालेले होते. दोघांनाही सांगाच: हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्यांना सांगायचं. पण आपला भरवसा त्यावर ठेवू नका. जबाबदारी कुलपाची आणि कुलूप लावणाऱ्या मोठ्या माणसाची.

म्हणून विचारायचं. आपल्याकडे कुणाच्या घरात काय आहे हे विचारणं आगाऊपणाचं वाटतं, मला कळतं. इथे बालरोगतज्ज्ञ स्वतःच पालकांना हे विचारायला सांगतात, त्यामुळे बहुतेक लोक मनाला लावून घेत नाहीत. दारात उभं राहून विचारू नका. आदल्या दिवशी मेसेज करा, आणि त्यात इतर प्रश्नही घाला: धाकट्याला शेंगदाणे चालत नाहीत, घरात कुत्रा आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, बंदूक असेल तर ती कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात आहेत ना. "आहे का" पेक्षा "कशी ठेवली आहे" असं विचारलं की लोक मोकळेपणाने सांगतात. उत्तर गुळमुळीत आलं तर वाद घालू नका, मुलांनाच आपल्याकडे बोलवा. नोव्हेंबरात जास्त लक्ष द्या. 15 तारखेला हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू होतो, तेव्हा एरवी कपाटात असलेल्या रायफली गाडीत, गॅरेजमध्ये, दारामागे येतात. मोटारीचा कप्पा म्हणजे तिजोरी नव्हे.

थोरलीच्या वयात धोका वेगळा. त्या वयातली निराशेची लाट अनेकदा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळात बंदूक हाताशी नसणं हेच जीव वाचवतं. तिच्या मैत्रिणींपैकी कोणी खचलेली दिसली तर तिने लगेच मोठ्यांना सांगावं. 988 या आत्महत्या रोखण्यासाठीच्या मदत क्रमांकावर रात्रंदिवस फोन किंवा मेसेज करता येतो, तो तुम्हा दोघींच्या फोनमध्ये ठेवा. शाळेत वर्षाला निदान तीन लॉकडाउन सराव होतात, म्हणजे हल्लेखोर आला तर काय करायचं याचे सराव: दिवे घालवून कोपऱ्यात गप्प बसायचं. पहिल्या सरावाआधी धाकट्याला सांगून ठेवा, नाहीतर तो घाबरेल.

आणि त्याची दिवाळीतली टिकल्यांची बंदूक तिथेच राहू दे. टिकल्यांत स्फोटक असतं, त्या विमानात कुठल्याच सामानात चालत नाहीत, आणि बंदुकीसारखं खेळणं हातातल्या बॅगेत नेता येत नाही. इथे आल्यावरही तसली खेळणी अंगणाबाहेर नको. 2014 मध्ये क्लीव्हलंडच्या बागेत 12 वर्षांच्या मुलाच्या हातातली खेळण्याची बंदूक खरी समजून पोलिसाने गोळी घातली, आणि तो मुलगा गेला. त्या खेळण्याचं नारिंगी टोक निघालेलं होतं.

तिकिटं पक्की झाली की तारखा कळवा, म्हणजे शाळेचे कागद सुरू करते. आई-बाबांना शि. सा. न., मुलांना पापे.

तुमची,
धाकटी