फोनवर अर्धवट राहिलेले उत्तर

कोलंबस, इंडियाना
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
वैदेहीचा शिरसाष्टांग नमस्कार.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला, तेव्हा नानाकाका फिरून येऊन आपल्याकडे चहाला बसले होते. "ऑनलाइन पीएचडी म्हणजे काय गं, घरबसल्या पोस्टाने येते तशी?" असे त्यांनी मी नोकरी सांभाळून घेतलेल्या प्रवेशाबद्दल विचारले आणि इकडे ओजसला झोपवायची वेळ झालेली असल्यामुळे मी दोन वाक्यांत उत्तर उरकले. त्यानंतर बाबा फोनवर आले, पण त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. बाबा गप्प बसले की त्यांना काहीतरी पटलेले नसते, एवढे मला इतक्या वर्षांत कळलेले आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे. पाटील काकूंच्या दुकानातून छापून आणून सावकाश वाचावे.

नानाकाकांची शंका अगदीच निराधार नाही, हे आधी मान्य करते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने करता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयोगाने आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मिळून, काही शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्या परदेशी संस्थांच्या साहाय्याने ज्या ऑनलाइन पीएचडीची जाहिरात करतात तिला भुलू नका, असा जाहीर इशाराही दिला होता. काकांनी आयुष्यभर महाविद्यालयात काढले, त्यामुळे त्यांच्या कानावर हे असणारच. उद्या मी सांगलीला परत येऊन वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचे ठरवले, तर ही पदवी तिथे चालेल असे मी धरून चाललेले नाही. हे माहीत असूनच मी प्रवेश घेतला, कारण मला ती पदवी नोकरी बदलण्यासाठी नको आहे.

विद्यापीठ मात्र कागदावरचे नाही. कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स या गावी कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी आहे. ती १८७० साली शेतकी महाविद्यालय म्हणून स्थापन झाली. इकडे १८६२ साली एक कायदा झाला होता, ज्यानुसार केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी राहिली. हे त्यांपैकीच एक. तिथल्या सिस्टिम्स इंजिनिअरिंग विभागात नोकरी करणाऱ्या अभियंत्यांना दूर राहून पीएचडी करता येते. तेच प्राध्यापक, तोच अभ्यासक्रम, त्याच परीक्षा, आणि पदवीच्या कागदावर 'ऑनलाइन' हा शब्दही नसतो. पहिल्या पदवीनंतरचे एकूण ७२ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याची एकके, पुरे करावे लागतात, त्यांपैकी माझ्या जुन्या एमएसचे ३० पर्यंत धरले जाऊ शकतात. उरलेल्यांत काही विषय आणि बाकी संशोधन. मध्ये एक प्राथमिक परीक्षा असते, जी पार पडली तरच पुढे जाता येते, आणि शेवटी निदान चार जणांच्या समितीसमोर प्रबंधाचा बचाव करावा लागतो. त्या चौघांत एक सदस्य आपल्या विभागाबाहेरचा असावा लागतो. मी एका सत्रात एकच विषय घेणार असल्याने पाच-सहा वर्षे सहज लागतील. तेव्हा ओजस चौदा वर्षांचा असेल आणि बहुधा माझ्यापेक्षा उंच.

सत्र ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाले, म्हणजे गणपतीच्या तोंडावरच. पहिल्याच परिचय-सभेला मी दोन तास आधी जाऊन बसले, कारण वेळ कोलोरॅडोच्या घड्याळाची होती आणि मी ती इंडियानाची समजले. रिकाम्या पडद्यासमोर पंधरा मिनिटे बसून, आपलेच इंटरनेट बिघडले असे समजून, मी निखिलला राउटर तीनदा बंद-चालू करायला लावला. तो अजून त्यावरून चिडवतो. व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित असतात, त्यामुळे ती ओजस झोपल्यावर ऐकते. पण गटचर्चा ठरलेल्या वेळी असते आणि गृहपाठाची मुदत कोणासाठी थांबत नाही. गौरी बसल्या त्या आठवड्यात पहिला गृहपाठ द्यायचा होता. गौरीपूजनाचा सोमवार म्हणजे इथला कामगार दिन असल्याने सुट्टी आयती मिळाली. सकाळी पुरणपोळ्या केल्या आणि दुपारी हात धुऊन लिहायला बसले. आई, पोळ्या फुटल्या नाहीत. गृहपाठात मात्र बऱ्याच दुरुस्त्या आल्या.

अठरा वर्षांनंतर विद्यार्थिनी होताना सर्वांत अवघड गेले ते वाचन. शोधनिबंध कसा वाचायचा हेच मी विसरले होते. पहिला निबंध मी कादंबरीसारखा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, तीन रात्री घालवल्या आणि चौथ्या रात्री पहिल्या रात्रीचे काही आठवेना. मग गटातल्या एका सहाध्यायीने, तो अलाबामात विमानांच्या कामावर आहे, मला त्याची पद्धत सांगितली: आधी सारांश, मग आकृत्या, मग निष्कर्ष, आणि एवढे करूनही निबंध आपल्या प्रश्नाच्या कामाचा वाटला तरच मधला भाग. आता प्रत्येक निबंधाची नोंद झोटेरो नावाच्या मोफत आज्ञावलीत ठेवते आणि त्याखाली मराठीत दोन ओळी लिहिते, कारण मराठीत लिहायला गेले की आपल्याला खरोखर कळले आहे की नुसते शब्द उचलले आहेत, हे लगेच उघडे पडते. विद्यापीठाचे ग्रंथालय घरून वापरता येते आणि त्यांच्याकडे नसलेला लेख दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून दोन-चार दिवसांत पाठवतात. बाबा, तुम्ही नगरवाचनालयात एका पुस्तकासाठी महिनाभर नंबर लावून थांबायचात, त्याची आठवण येते.

माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिका आहेत. इकडे सगळे त्यांना नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते काही निघत नाही, म्हणून मी ईमेलमध्ये 'डॉक्टर' लिहिते आणि मनात 'बाई' म्हणते. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास भेट असते. पहिल्या भेटीला मी मोठ्या तयारीने पान भरून विषय लिहून नेला होता. बाईंनी तो वाचला आणि विचारले, "हा विषय झाला, यातला प्रश्न कोणता?" मला सांगता येईना. जिथे उत्तर आधीच ठाऊक आहे तिथे पीएचडी होत नाही, आणि जिथे उत्तर कधीच तपासता येणार नाही तिथेही नाही. या दोहोंच्या मधली जागा शोधणे हेच पहिल्या वर्षाचे खरे काम, असे त्या म्हणाल्या. कारखान्यात इतकी वर्षे नेमून दिलेले प्रश्न सोडवलेल्या माणसाला हे फार जड जाते.

बाबा, सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणजे काय, हे तुम्ही दोनदा विचारलेत आणि मी दोन्ही वेळा नीट सांगितले नाही. सुटे भाग सगळे चोख असतात, तरीही ते एकत्र आल्यावर यंत्र फसते, ते का, याचा हा अभ्यास आहे. १९९८ च्या डिसेंबरात नासाने मंगळाच्या कक्षेत फिरण्यासाठी एक यान पाठवले. पुढच्या सप्टेंबरात ते मंगळापाशी पोचले आणि ठरल्यापेक्षा फार खालून वातावरणात शिरून नष्ट झाले. यानात बिघाड नव्हता. थ्रस्टरच्या, म्हणजे यानाला ढकलणाऱ्या छोट्या इंजिनांच्या, धक्क्यांचा हिशोब जमिनीवरची एक आज्ञावली पौंडांच्या मापात देत होती आणि पुढची मंडळी तोच आकडा न्यूटनच्या मापात आहे असे समजून वापरत होती. फरक सुमारे ४.४५ पट. दोन्ही बाजूंची गणिते आपापल्या जागी बरोबर होती.

आमच्या पहिल्या आठवड्यात हे उदाहरण आले, तेव्हा मला मंगळ नव्हे, तुमच्या ओतकामाच्या कारखान्यातले ते चाळीस नग आठवले. ड्रॉइंगमध्ये फ्लॅंजची, म्हणजे जोडायच्या कडेची, जाडी तीन मिलिमीटरने वाढवली, नवे ड्रॉइंग मशीन शॉपला गेले, तुमच्या पॅटर्न शॉपला, म्हणजे साच्यांसाठी नमुने बनवणाऱ्या विभागाला, आलेच नाही, तुम्ही जुन्या पॅटर्नवर काम चालू ठेवले आणि चाळीस कास्टिंग पुन्हा भट्टीत गेली. तुम्ही ही गोष्ट जेवताना इतक्यांदा सांगितली आहे, की आई पहिल्या वाक्यालाच ताक आणायला उठते. पण माझा प्रश्न नेमका तिथेच आहे. एखादा बदल कागदावर मंजूर झाल्यापासून तो ज्याच्या हातून प्रत्यक्षात यायचा त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत वाटेत कुठे हरवतो, आणि तो हरवणार आहे हे आधी ओळखता येईल का? आता सगळे संगणकावर आहे, तरी तो हरवतोच, हे मी रोज पाहते. बाईंना तिसऱ्या भेटीत हे सांगितले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वहीत काही लिहून घेतले.

यात एक अडचण आहे, जी नोकरी करून संशोधन करणाऱ्या बहुतेकांना येते. मी जे पाहते ते कंपनीचे आहे, आणि प्रबंध तर सर्वांना वाचायला खुला असतो. त्यामुळे कंपनीकडून लेखी परवानगी घेतल्याशिवाय मला एक आकडाही वापरता येणार नाही. सहकाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या, तर विद्यापीठाच्या नीतिसमितीपुढे अर्ज करावा लागतो. माझ्या प्रश्नांमुळे कोणाची नोकरी अडचणीत येणार नाही ना, हे ती तपासते. मला हे कागदी घोडे वाटले होते. मग लक्षात आले की चूक कुठे झाली हे विचारणे म्हणजे शेवटी कोणाची झाली हे विचारण्यासारखेच ऐकू येते. चाळीस नगांच्या वेळी तुमच्याकडून लिहून घेतलेला खुलासा मला तेव्हा आठवला.

खर्चाची काळजी करू नका. मालकाने शिक्षणासाठी दिलेली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत इथल्या कायद्याने करमुक्त असते आणि माझी कंपनी तेवढी देते. उरलेले आम्ही घालतो. त्यासाठी यंदा मोठी सहल नाही, पण डिसेंबरची सांगलीची तिकिटे काढलेली आहेत.

वेळ कुठून आणणार, हे आईने विचारले होते. ती कुठूनही येत नाही, काढून घ्यावी लागते. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची जबाबदारी मी सोडली. ओजसची पोहण्याची शिकवणी निखिलने घेतली आणि बुधवारचा स्वयंपाकही, ज्यात खिचडीखेरीज अद्याप प्रगती नाही. गटचर्चा नेमकी आमच्या शनिवारी रात्री नऊला ठेवली गेली आहे, म्हणजे तुमच्या रविवारच्या सकाळच्या साडेसहाला, आपल्या फोनच्या वेळी. ती बदलून घेण्याचा मी प्रयत्न केला, पण गटातला एक जण हवाईत आहे आणि त्याच्या सोयीची दुसरी वेळ निघेना. तेव्हा पुढच्या आठवड्यापासून फोन रविवारी तुमच्या संध्याकाळी साडेपाचला करेन. ओजसही तेव्हा जागा असेल. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथली घड्याळे तासाने मागे जातील, मग साडेसहा वाजतील. आई, तुझी देवापुढची दिवाबत्ती त्याआधी होईल ना, ते सांग.

आणि बाबा, एक काम आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत तुमच्या रिजेक्शनच्या नोंदींच्या वह्या असतील, निळ्या पुठ्ठ्याच्या. परवानगीशिवाय त्यांतले काही प्रबंधात घालणार नाही, मला फक्त वाचायच्या आहेत. कोणता नग, काय कारण, कोणी कळवले आणि कधी, असे रकाने तुम्ही स्वतः आखले होते एवढे आठवते. स्वतः शिडीवर चढू नका. सौरभ रविवारी येईल तेव्हा त्याला सांगा आणि त्याच्याकडून पहिल्या वहीचे फोटो पाठवा. अक्षर लागणार नाही तिथे मी फोनवर विचारेन.

आईने गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घ्यावी. नानाकाकांना हे पत्र दाखवले तरी चालेल.

तुमची,
वैदेही